शाळा आणि विद्यापीठाच्या वाद्यवृंदासाठी ट्युबा निवडताना

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: संस्थेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा शालेय बँड आहे आणि त्याच छताखाली विद्यापीठाचा वाद्यवृंदही चालतो, दोन्हींकडचे तीन व्हॉल्व्हचे (नळीची लांबी वाढवून सूर उतरवणाऱ्या झडपांचे) जुने ट्युबा, म्हणजे पितळी वाद्यांतली खर्जाची मोठी वाद्ये, आता दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहेत, निधी एकदाच मंजूर झाला आहे आणि पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही, शिवाय आपल्याकडच्या सर्वांत तयार विद्यार्थ्याने एका भव्य सी ट्युबाचा आग्रह धरला आहे. अशा स्थितीत बी-फ्लॅट सुराचा घ्यावा की सी, व्हॉल्व्ह पिस्टनचे (वरखाली सरकणारे) की रोटरी (फिरणारे), आकार केवढा आणि नग किती, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो. बहुतेक वाद्ये बी-फ्लॅट सुराची, चार व्हॉल्व्हची, मध्यम आकाराची आणि शक्यतो एकाच मॉडेलची घ्यावीत. लहान मुलांसाठी त्याच सुराची दोन-तीन छोटी वाद्ये घ्यावीत. सी किंवा एफ ट्युबा घ्यायचाच असेल तर तो शेवटी, उरलेल्या पैशांतून घ्यावा. आणि निवड करताना आपल्या सर्वांत तयार विद्यार्थ्याचे मत जरूर ऐकावे, पण ते शेवटी ऐकावे.

हे शेवटचे वाक्य उद्धट वाटू नये म्हणून त्याचे कारण लगेच देतो. मुरलेला वादक वाद्यातले दोष नकळत झाकतो. एखादा स्वर वीस सेंट (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे अर्धस्वर, त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला असेल तर त्याचे ओठ आणि श्वास तो स्वर कानाच्या आधारे जागेवर आणतात, आणि वाद्य चांगले आहे असे तो प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे साधत नाही. वाद्य जिथे नेईल तिथे तो जातो. संस्थेचे वाद्य पंधरा-वीस वर्षे अशाच मुलांच्या हातांतून फिरणार असते आणि तयार वादक त्याला अधूनमधूनच लाभतो. स्वतःसाठी ट्युबा घेणारा वादक आपल्या शरीराला आणि कानाला जुळेल असे वाद्य शोधतो. संस्थेला अनोळखी, अर्धवट शिकलेल्या आणि वेगवेगळ्या उंचीच्या वादकांना फारसा त्रास न देणारे वाद्य शोधावे लागते. या दोन खरेद्या मुळातच निराळ्या आहेत.

आता सुराकडे वळू. ट्युबा प्रामुख्याने चार सुरांत मिळतो: बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट आणि एफ. पहिल्या दोघांना काँट्राबेस ट्युबा म्हणतात आणि पुढच्या दोघांना बेस ट्युबा. बी-फ्लॅटची मूळ नळी सुमारे १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर लांब असते. सीची सुमारे १६, ई-फ्लॅटची १३ आणि एफची १२ फूट. परंपरा देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेतील शाळांत बी-फ्लॅट चालतो, तर तेथील सिंफनी वाद्यवृंदांत सी रूढ आहे. जर्मन वादक एफ आणि बी-फ्लॅट अशी जोडी बाळगतात. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट शेजारी शेजारी बसतात. यांपैकी कोणतीही परंपरा इतरांहून श्रेष्ठ नाही, पण एकाच संस्थेत त्यांची सरमिसळ करण्याची किंमत मोजावी लागते. बेस क्लेफमध्ये, म्हणजे खर्जाच्या स्वरलेखनात, लिहिलेला तोच स्वर बी-फ्लॅटवर एका बोटांनी वाजतो आणि सीवर दुसऱ्या. वाद्य बदलले की बोटे नव्याने बसवावी लागतात, आणि वाचन अजून पक्के झाले नसेल तर त्यात काही महिने सहज जातात. शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलाला तेच सूर, तीच बोटे मिळावीत, आजारी वादकाच्या जागी दुसरा लगेच बसावा आणि कवायतीचा, खांद्यावर पेलायचा सूझाफोनही त्याच बोटांनी वाजावा, यासाठी बी-फ्लॅट हा संस्थेचा कणा असावा असे मी म्हणतो.

मग सी आणि एफ कोणासाठी? पदवीसाठी ट्युबा हेच मुख्य वाद्य घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी. एकल वादनाच्या रचना बऱ्याचदा उंच पट्टीत फिरतात आणि तिथे बेस ट्युबा हाताशी असणे फार सोयीचे ठरते. ब्रिटिश संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांची १९५४ सालची ट्युबा कंचेर्टो (ट्युबा आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आज अनेक वादक एफ किंवा ई-फ्लॅटवर वाजवतात, ते याच कारणाने. म्हणून विद्यापीठासाठी एक बरा एफ किंवा ई-फ्लॅट ट्युबा सामाईक ठेवावा. सी ट्युबाबद्दल मी थोडा कठोर आहे. व्यावसायिक वाटेने जाणारा विद्यार्थी आज ना उद्या स्वतःचा सी घेणारच असतो, आणि त्याच्या पसंतीने संस्थेने घेतलेले वाद्य तो उत्तीर्ण होऊन गेल्यावर कपाटात पडून राहते.

व्हॉल्व्हच्या संख्येबाबत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. पैसे वाचवण्यासाठी तीन व्हॉल्व्हचे वाद्य घेण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो, म्हणून यातले गणित एकदा नीट पाहू. पहिला व्हॉल्व्ह सूर दोन अर्धस्वर उतरवतो, दुसरा एक आणि तिसरा तीन. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी मोकळ्या (व्हॉल्व्ह न दाबलेल्या) वाद्याच्या लांबीच्या हिशेबाने कापलेली असते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यावर मूळ नळीच्या सुमारे ३१ टक्के लांबी वाढते. शुद्ध पाच अर्धस्वर उतरण्यासाठी ती साडेतेहतीस टक्के वाढायला हवी. बी-फ्लॅट ट्युबावर हा तुटवडा जवळजवळ १३ सेंटिमीटरचा होतो आणि स्वर सुमारे ३० सेंट चढा येतो. तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले तर सुमारे २४ सेंटिमीटर कमी पडतात आणि स्वर ५४ सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहूनही अधिक चढतो. कारखानदार तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी थोडी लांब ठेवून हा दोष वाटून टाकतात, पण तो नाहीसा होत नाही. आता हे स्वर कोणते ते पाहा: बी-फ्लॅट वाद्यावर खालचा एफ आणि ई, तसेच त्यांच्या वरचे सी आणि बी. बँडच्या संगीतात ट्युबाची अर्धी कामगिरी याच टापूत घडते.

चौथा व्हॉल्व्ह एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो. त्यामुळे पहिल्या-तिसऱ्याची जोडी वापरण्याची गरज उरत नाही आणि एफ, सी जागेवर येतात. दुसरा-चौथा एकत्र दाबून वाजवलेला ई साधारण २५ सेंट चढा राहतो, पण स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता भाग, थोडी ओढून तो आवाक्यात आणता येतो. शिवाय तीन व्हॉल्व्हचे वाद्य ज्या ईच्या खाली अडकते, त्याच्याही खाली जाण्याची वाट चौथ्या व्हॉल्व्हमुळे उघडते, जरी अगदी तळाच्या एकदोन स्वरांना नळीची लांबी तिथेही अपुरी पडते. ऐतिहासिक गंमत अशी की प्रशियात विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ यांनी १८३५ साली पेटंट घेतलेल्या पहिल्या बेस ट्युबालाच पाच व्हॉल्व्ह होते. तीन व्हॉल्व्हचा ट्युबा हे काटकसरीचे रूप आहे. अगदी लहान मुलांच्या पहिल्या वर्षापुरते ते चालेल, त्यापुढे नाही.

याच चढेपणावर दुसरा उपाय म्हणजे कॉम्पेन्सेटिंग पद्धत. डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये ती सिद्ध केली; चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा व्हॉल्व्हसंचातून पुन्हा एकदा फिरते आणि आणखी छोट्या नळ्या आपोआप जोडल्या जातात. ब्रिटिश ब्रास बँडमधील बेसन कंपनीचे ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट ट्युबा याच पद्धतीचे असतात. ही वाद्ये खालच्या स्वरांत अतिशय सुरेल असतात, पण वजनाला जड आणि तळाशी फुंकायला थोडी घट्ट असतात, आणि त्यांची दुरुस्ती करणाराही जाणकार लागतो. आपला गाभा ब्रास बँडचा असेल तर निःशंक हीच घ्यावीत. वुडविंडसह (बासरी, क्लॅरिनेट वगैरेंसह) चालणाऱ्या संमिश्र बँडसाठी त्यांच्यावर जादा खर्च करावा असे मला वाटत नाही.

पिस्टन की रोटरी, या वादात लोक सहसा नादाविषयी बोलतात; मी आधी तेलाविषयी बोलेन. पिस्टनची निगा मुलाच्या डोळ्यांसमोर होते: वरचे झाकण फिरवावे, पिस्टन सरळ वर काढावा, पुसावा, तेलाचे चार थेंब सोडावेत, खाचेत बसेल असा परत घालावा. तो उलटा बसला किंवा दुसऱ्याचा पिस्टन तिसऱ्याच्या घरात गेला तर वाद्यातून हवाच जात नाही, आणि चूक तत्क्षणी कळते. पिस्टनवर क्रमांक कोरलेले असतात. ते वाचायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे. रोटरीला मात्र तेल तीन ठिकाणी लागते: स्लाइडच्या नळीतून आत रोटरवर, मागचे झाकण काढून तिथल्या बेअरिंगवर आणि पुढच्या बाजूला दांड्याच्या बेअरिंगवर, त्याखेरीज कळा आणि रोटर यांना जोडणाऱ्या सांध्यांना वेगळे, थोडे दाट तेल. यातले मागचे झाकण शाळेत कोणी उघडतच नाही. वर्ष-दीड वर्षात रोटर जड होतो, मूल कळ जोराने दाबू लागते, सांधे खिळखिळे होतात आणि वाजवताना खटखट ऐकू येऊ लागते. तो रोटर काढून साफ करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, ते कारागिराचे आहे.

रोटरीच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कळांची हालचाल छोटी असते, त्यामुळे लहान पंजाला ती सोपी जाते; स्वर एकमेकांत मऊपणे मिसळतात; आणि पिस्टन हातातून निसटून फरशीवर पडण्याचा धोका इथे नसतो. असा पडलेला पिस्टन तिळाएवढा जरी पिचला तरी घरात अडकतो. म्हणून माझा निकष साधा आहे. वर्षातून एकदा सगळी वाद्ये जाणत्या कारागिराकडे नेण्याची सोय आणि तरतूद असेल तर विद्यापीठासाठी रोटरी जरूर घ्यावीत. तशी सोय नसेल तर दोन्हींकडे पिस्टनच घ्यावेत. पिस्टनमध्येही दोन प्रकार आहेत. वरून दाबायच्या पिस्टनला उजवा हात वाद्याच्या माथ्यावर न्यावा लागतो आणि लहान मुलाचा खांदा उचललेला राहतो. समोरून दाबायच्या पिस्टनवर हात छातीसमोर नैसर्गिकपणे पडतो. बाकी सर्व समान असेल तर मी समोरच्या पिस्टनला पसंती देतो. मात्र अशा वाद्यांत पिस्टन आडवे-तिरके बसतात आणि वरच्या नळ्यांतून उतरणारे पाणी त्यांत येते, तेव्हा तेल थोडे अधिक वेळा द्यावे लागते.

आकाराविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ट्युबाचे आकार तीन-चतुर्थांश, चार-चतुर्थांश, पाच-चतुर्थांश आणि सहा-चतुर्थांश असे सांगितले जातात. या आकड्यांचा सुराशी किंवा नळीच्या लांबीशी काहीही संबंध नाही. ते वाद्याच्या घेराचे, जाडीचे आणि बेलच्या (वाद्याच्या पसरट तोंडाच्या) रुंदीचे ढोबळ वर्णन आहे आणि त्याला कोणतेही सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा चार-चतुर्थांश दुसऱ्याच्या पाच-चतुर्थांशाएवढा भरू शकतो. त्यामुळे पत्रकातल्या अपूर्णांकावर न जाता बोअर (नळीचा आतला व्यास), बेलचा व्यास, उंची आणि वजन हे चार आकडे मागून घ्यावेत.

आपल्या विद्यार्थ्याला हव्या असलेल्या भव्य वाद्यामागे एक मोठी कथा आहे. अमेरिकेतल्या यॉर्क कंपनीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनवलेले दोन प्रचंड सी ट्युबा पुढे आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे आले. ते १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागो सिंफनीचे ट्युबावादक होते, आणि त्यांच्या नादाने भारावलेल्या पुढच्या पिढ्यांनी त्या वाद्यांच्या कितीतरी प्रतिकृती बनवून घेतल्या. पण तो नाद शंभर जणांच्या वाद्यवृंदामागे, मोठ्या सभागृहात, असामान्य श्वसनज्ञान असलेल्या एका वादकाचा होता. साठ जणांच्या बँडमध्ये, मध्यम सभागृहात, अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी तेच वाद्य वाजवतो तेव्हा बहुधा पसरट, कडा नसलेला आवाज येतो आणि खालच्या स्वरांचा आरंभ ऐकूच येत नाही. लहान वाद्यावर नाद मोठा करायला शिकलेला विद्यार्थी पुढे मोठ्या वाद्यावर सहज रुळतो. उलट दिशेचा प्रवास मी फारसा पाहिलेला नाही. सभागृह भरण्यासाठी लागणारा नाद ज्या सर्वांत लहान आकारात मिळतो, तो आकार घ्यावा. विद्यापीठासाठी तो चार-चतुर्थांश, फार तर एखादा पाच-चतुर्थांश ठरतो. चौदा वर्षांखालील मुलांसाठी तीन-चतुर्थांश.

शरीराचा विचार इथेच करतो. मूल खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेले असताना माउथपीस ओठांपर्यंत यायला हवा. ओठ माउथपीसकडे जाता कामा नयेत. वाद्य मांडीवर ठेवल्यावर माउथपीस नाकापाशी येत असेल तर मूल मान ताणते, हनुवटी वर करते आणि घसा आवळतो; मग श्वासाविषयी कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही. उलट उंच मुलाला माउथपीस खाली पडला तर तो वाद्यावर वाकतो आणि पोट दाबले जाते. दोन्हींवर उपाय म्हणजे उंची बदलता येणारा स्टँड, आणि तो प्रत्येक वाद्यामागे एक असा खरेदीतच धरावा. तीन-चतुर्थांश वाद्य सहा-सात किलोच्या आसपास असते, पूर्ण आकाराचे आठ ते अकरा किलो. हे वजन मांडीवर तोलून शिवाय श्वास घ्यायचा, ही अपेक्षा बारा वर्षांच्या मुलाकडून करू नये.

माउथपीस वाद्यासोबत येतो तोच वापरावा असे नाही. वर्गात सर्वांना एकच, मध्यम मापाचा द्यावा. बाख १८ हा नवशिक्यांना पुष्कळदा मानवतो, आणि थोडे मुरल्यावर कॉन हेलेबर्गसारखा खोल, नरसाळ्याच्या आकाराचा माउथपीस घेता येतो. पाहायचे ते हे की त्याचा दांडा वाद्याच्या रिसीव्हरमध्ये घट्ट बसतो का. अमेरिकी आणि युरोपीय दांड्यांची जाडी वेगळी असते, आणि बेमेल जोडी हलते किंवा अर्धवटच आत जाते. सूर बिघडला की दोष मात्र वाद्यावर येतो.

चालत वाजवण्यासाठी बसून वाजवायचा ट्युबा कोणी गळ्यात अडकवू नये, आणि सूझाफोन घेतला म्हणून सभागृहातला ट्युबा टाळूही नये. अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या कल्पनेवरून १८९०च्या दशकात हे वाद्य घडले, ते खांद्यावर पेलण्यासाठी. फायबरग्लासचा सूझाफोन पितळेपेक्षा बराच हलका असतो आणि लहान मुलांना तोच द्यावा. नादात थोडे उणे येते, पण मैदानात ते जाणवत नाही. लीडपाइप (माउथपीसला जोडलेली पहिली नळी) बदलून दोन्ही प्रकारे वापरता येणारी वाद्येही मिळतात. त्यांतली बहुतेक बसून वाजवायला अवघडलेली असतात, म्हणून अगदी नाइलाज असेल तरच ती घ्यावीत.

आता चाचणीकडे येऊ. माझ्या मते खरेदीचे यश यावरच ठरते. पत्रकावरून किंवा चित्रफितीवरून ट्युबा घेऊ नये. दोन-तीन मॉडेल आठवडाभर तरी संस्थेत आणून ठेवण्याची अट विक्रेत्याला घालावी. वाजवणारे तीन जण असावेत: एक वर्षभर शिकलेला, एक मधला आणि एक तयार. तिघांनीही एकच माउथपीस वापरावा. वाद्य आधी दहा मिनिटे वाजवून गरम करावे, कारण नळीतली हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो आणि थंड वाद्यावरची मोजणी फसवी ठरते. मग एकेक स्वर लांब, मध्यम जोरात वाजवावा. ट्यूनर (सूर मोजणारे यंत्र) दुसऱ्याने पाहावा आणि आकडा लिहावा, वादकाला काटा दिसू देऊ नये. वादक काट्याकडे पाहू लागला की तो वाद्य मोजत नाही, स्वतःला सुधारत बसतो.

मोकळ्या वाद्यावरच्या पाचव्या हार्मोनिककडे (व्हॉल्व्ह न दाबता केवळ ओठांनी मिळणाऱ्या स्वरांपैकी पाचव्याकडे), म्हणजे बी-फ्लॅट ट्युबावरच्या मधल्या डीकडे, विशेष लक्ष द्यावे. तो निसर्गतःच समान अंतराच्या स्वरसप्तकाहून १४ सेंट उतरलेला असतो. एखाद्या वाद्यात तो याहूनही खाली जातो, एखाद्यात कारखानदाराने सावरलेला असतो. पंधरा सेंटपर्यंतचा फरक पर्यायी बोटांनी किंवा स्लाइडने भागवता येतो. पंचवीस सेंट उतरलेला डी असलेले वाद्य शालेय बँडमध्ये दर आठवड्याला डोकेदुखी करेल. त्याच्या वरचा एफ किती चढा आहे तेही लिहून ठेवावे, कारण डी उतरलेला आणि एफ चढा अशी जोडगोळी असेल तर साधा बी-फ्लॅटचा कॉर्डही (एकत्र वाजणारा स्वरसमूहही) कधी नीट जुळत नाही. तिन्ही वादकांचे आकडे शेजारी मांडावेत. ज्या स्वरावर तिघांचाही काटा एकाच बाजूला झुकतो तो दोष वाद्याचा आहे. तयार वादकाचे आकडे सुरेख आणि नवशिक्याचे विखुरलेले असतील तर ते वाद्य तयार वादकाचे आहे, आपले नाही.

नादाची पारख मात्र वाद्याजवळ उभे राहून करू नये. बेल छताकडे उघडते आणि वादकाच्या कानाला जे ऐकू येते ते शेवटच्या रांगेत पोचतेच असे नाही. दोन ऐकणारे सभागृहाच्या मागे पाठ करून बसवावेत, वाद्यांना क्रमांक द्यावेत, नाव सांगू नये. हळू आवाजातले खालचे स्वर, तुटक आघात, पाच स्वरांच्या अंतराने जोडून घेतलेली उडी, आणि शेवटी बाकी बँड वाजत असताना एखादा परिचित भाग, एवढे पुरे. एकट्याने वाजवताना भरदार वाटलेला ट्युबा बँडमध्ये हरवतो आणि किंचित रुक्ष वाटलेला नेमका आधार देतो, हे मी इतक्यांदा ऐकले आहे की बँडशिवाय केलेल्या चाचणीवर आता माझा विश्वास नाही.

यांत्रिक तपासणी वेगळी. प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड कळ न दाबता थोडी बाहेर ओढावी, काही क्षण थांबावे आणि मग कळ दाबावी. हवाबंद व्हॉल्व्ह असेल तर फट् असा आवाज येतो. काही वाद्यांच्या व्हॉल्व्हला मुद्दाम छिद्र ठेवलेले असते, तिथे हा आवाज येणार नाही, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वाजवता वाजवता डाव्या हाताने ओढता येते का, हे पाहावे. ट्युबावर सूर सावरण्याचा तो रोजचा मार्ग आहे. तिसऱ्या आणि चौथ्या नळीला पाणी सोडण्याची कळ आहे का, हेही पाहावे, नाही तर मूल दर थोड्या वेळाने पूर्ण स्लाइड उपसून पाणी ओतणार आणि केव्हातरी ती खाली पाडणार. तळाच्या वळणावर संरक्षक पट्टी किंवा तार हवी, कारण ट्युबाला सर्वांत जास्त पोचे तिथेच येतात.

नावे विचारलीत म्हणून सांगतो. लहान मुलांसाठी यामाहा आणि ज्युपिटर यांची तीन-चतुर्थांश वाद्ये विश्वासार्ह आहेत. यामाहाचा वायबीबी-१०५ हा प्रकार तीन व्हॉल्व्हचा आहे हे लक्षात ठेवून तो फक्त पहिल्या वर्षांसाठी घ्यावा. मधल्या फळीसाठी यामाहाचा वायबीबी-३२१, वरून दाबायच्या चार पिस्टनचा, हा शाळांत मुरलेला ट्युबा आहे. समोरून दाबायच्या चार पिस्टनचा किंग २३४१ त्याच पंक्तीत बसतो आणि विद्यापीठाच्या बँडलाही पुरतो. रोटरीत मिराफोन १८६ हे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले नाव आहे, आणि नीट दुरुस्त केलेला जुना १८६ हा नव्या पण निनावी वाद्यापेक्षा मी केव्हाही पसंत करेन. जुने वाद्य घेताना लीडपाइपवर लालसर-गुलाबी डाग शोधावेत; पितळेतले जस्त झिजल्याची ती खूण असते आणि पृष्ठभागावर डाग दिसतो तेव्हा नळी आतून पोखरलेली असते.

निनावी, स्वस्त वाद्यांविषयी माझा सरसकट विरोध नाही. एकाच कारखान्यातून तेच वाद्य अनेक नावांनी बाहेर पडते, त्यातली काही खरोखर चांगली वाजतात. अडचण तिसऱ्या वर्षी सुरू होते: व्हॉल्व्हचा स्प्रिंग, फेल्ट, पाण्याच्या कळेचा बूच, रोटरचा सांधा असे काहीही गेले तर त्या मापाचा सुटा भाग मिळत नाही. खरेदीपूर्वी आपल्या कारागिराला वाद्य दाखवावे आणि एकच विचारावे, हे मोडले तर तुम्ही दुरुस्त कराल का? त्याने होकार दिला नाही तर पुढे बोलूच नये.

लॅकर (पारदर्शक लेप) की चांदीचा मुलामा, याने नादात पडणारा फरक शाळेच्या बँडमध्ये कोणाला ऐकू येईल असे मला वाटत नाही. लॅकर हाताच्या घामाने ठरावीक जागी उडतो, चांदी काळवंडते पण टिकते. जास्तीचे पैसे चांदीवर घालण्याऐवजी चाकांच्या कठीण पेट्यांवर घालावेत. पेटी मागवण्याआधी सराव-खोलीच्या दाराची आणि कपाटाची रुंदी मोजावी. पेटीसकट ट्युबा आत जात नाही म्हणून मुले तो बाहेरच काढून उघडा वाहून नेतात, आणि पोचे तिथून सुरू होतात.

संख्येबाबत: पन्नास-साठ जणांच्या बँडला एका वेळी तीन ट्युबा पुरतात. चौथा दुरुस्तीच्या वेळी उभा राहायला हवा. जुन्यांपैकी जे दोन सर्वांत कमी गळके असतील ते टाकू नयेत. घरी नेऊन सराव करण्यासाठी ते ठेवावेत, म्हणजे नवी वाद्ये रोज जिन्यांवरून वर-खाली होणार नाहीत. निविदा काढायची असेल तर मागणीपत्रात सूर, व्हॉल्व्हची संख्या आणि रचना, बोअरची व बेलची किमान-कमाल मर्यादा, कमाल वजन, पाण्याच्या कळा, पेटी, स्टँड, सुटे भाग किती वर्षे मिळतील याची लेखी हमी आणि संस्थेत होणारी चाचणी, हे सारे नेमक्या शब्दांत लिहावे. नुसते एका मॉडेलचे नाव आणि पुढे ‘किंवा समतुल्य’ असे लिहिले तर कोणते वाद्य समतुल्य हे विक्रेता ठरवतो, आणि समितीपाशी ते नाकारण्याचे कारण उरत नाही. मंजूर रकमेतला काही भाग पहिल्या तीन वर्षांच्या सफाई-दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढावा. वाद्य एक कमी आले तरी चालेल.

वाद्ये आल्यावर प्रत्येकाचा अनुक्रमांक नोंदवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी चाचणीत वापरलेल्याच तक्त्यावर प्रत्येक नगाचे सूर पुन्हा मोजावेत, कारण एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे निघतीलच असे नाही. नव्या व्हॉल्व्हमध्ये घडणीच्या वेळची बारीक धातूची कीस अडकलेली असते. पहिल्याच दिवशी पिस्टन काढून कोमट पाण्याने घरे धुवावीत, पुसावीत आणि भरपूर तेल द्यावे, आणि पहिले दोन-तीन आठवडे रोज वाजवण्याआधी तेल देऊन आठवड्यातून एकदा ते पुसून काढावे. रोटरी घेतली असतील तर रोटर बाहेर काढू नयेत. फक्त वर सांगितलेल्या जागी तेल सोडावे आणि वर्ष पूर्ण होताच पहिल्या सफाईसाठी कारागिराकडे पाठवावीत, आणि ती तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवावी.